पंच्याखाली

शाहूपुरीतला गाळा विकला त्या दिवशी
मोबाइलवाल्या निहाल ओसवालनं
आप्पांपुढं हात केला.

आप्पांनी खांद्यावरचा पंचा
दोघांच्या हातांवर पसरला
आणि आत, कुणाला न दिसता,
त्याची तीन बोटं दाबली.
मग करंगळीचं पेर.

पोरगं हसलं. गुदगुल्या होतात म्हणालं.

चाळीस वर्षं या एवढ्याशा अंधारात
गुळाच्या रव्यांचे सौदे झाले;
खेटून उभ्या अडत्यालाही
कळायचं नाही, कितीवर मिटला.

फरशी अजून चपलेला धरत होती.

रिक्षात मी विचारलं, काय भाव सांगितलात?
आप्पा धोतरावरचा मुंगळा
चिमटीत धरून बाहेर सोडत होते.

"भाव कुठला?
हात बघितला त्याचा.
कोरडा हाय."