रहाड

तिवंध्यात, आमच्या दारापासून वीस पावलांवर
रस्त्याखाली रहाड आहे.
वर्षभर वरून रिक्षा जातात, केळ्यांच्या गाड्या,
एखाद्या वरातीचं घोडं.
ठाऊक नसेल त्याला नुसता रस्ता दिसतो.
रंगपंचमी आली की माती उकरतात, फळ्या काढतात,
आणि पहिल्यांदा जो वास वर येतो
तो रंगाचा नसतो.

भालचंद्रचं मला असंच कळलं. म्हणजे उशिरा.

अंबडला पॉवर प्रेसवर होता तेरा वर्षं.
पत्रा सरकवायचा समोरच्यानं, पेडल दाबायचं यानं.
एका रात्रपाळीत पेडल दाबलं
तेव्हा मोईनचा हात आत होता.
चौकशी झाली. सेन्सर नादुरुस्त, असा शेरा पडला.
याला कोणी बोललं नाही,
मोईनसुद्धा नाही.
तो आता डाव्या हातानं चहा पितो,
भेटला की हसून विचारतो, काय भालू, बरंय ना?

मग क्वार्टर सुरू झाली.
झोप येत नाही म्हणून एक, मग दोन,
मग क्वार्टरवर झोपेच्या गोळ्या,
मग सकाळी हात स्थिर राहावा म्हणून पुन्हा थोडी.
आईनं वणीच्या गडावर नेऊन शपथ घातली,
ती आठ दिवस टिकली.
मामा म्हणाले, मनगटात जोर नाही पोराच्या.
मी पगाराचं पाकीट लपवायला शिकले,
तांदळाच्या डब्यात, मग शेजारच्या भामरे काकूंकडे.
त्याच्या ताटाकडे न बघता वाढायलाही शिकले.
हे लिहायला मला लाज वाटते, पण लिहिते.

सिव्हिलमध्ये मंगळवारी तडवी मॅडम बसायच्या.
किती घेतोस, हे त्यांनीही विचारलं, केसपेपरवर लिहिलं.
मग पेन खाली ठेवलं.
घेतली नाहीस तर काय होतं?
आवाज येतो, म्हणाला.
कसला?
भालचंद्रनं जिभेनं टाळूवर आवाज केला. खट्.
पुन्हा. खट्.
सहा वर्षं आमच्यामध्ये एकच भिंत होती
आणि मी फक्त बाटल्या ऐकल्या होत्या.

मॅडम म्हणाल्या, आधी दारू की आधी हे, ते राहू दे आता.
एकाला हाकललं तर दुसरं त्याला परत बोलावून आणतं.
दोघांनाही बघू, एकदम.
आणि हो, घरी एका दिवसात सोडायची नाही,
झटके येतील, जिवावर बेतेल. दाखल करा.
मामा बाहेर बाकावर बसून होते.
वेड्यांच्या डॉक्टरकडे कशाला, म्हणत होते,
पण बसून होते.

बारा दिवस वॉर्डात.
घामानं भिजलेली चादर, न सोललेली केळी,
तिसऱ्या रात्री भिंतीवर मुंग्या चालताना दिसल्या त्याला,
मला नाही दिसल्या,
तरी मी रुमालानं पुसल्या.

नंतर सात महिने चांगले गेले.
दसऱ्याला कारखान्यात मशिनची पूजा होती,
झेंडूची माळ घालून प्रेस एकदा चालवून दाखवली कोणीतरी.
तो घरी आला नाही त्या रात्री.
द्वारकेच्या पुलाखाली सापडला, चपलेविना.
मामा म्हणाले, मी म्हटलंच होतं.
मी फोन लावला, रडत, माफी मागत, कशाची कोण जाणे.
तडवी मॅडम म्हणाल्या, मंगळवारी या.
सोमवारीही चालेल.

परवा रहाड उघडली.
भालचंद्र खाली उतरला गाळ काढायला,
पोटऱ्यांपर्यंत काळा,
मी काठावर.
किती दिवस झाले, हे विचारायचं ओठांवर आलं होतं.
विचारलं, काय ऐकू येतंय?
तो थांबला. खरंच कान देऊन ऐकलं त्यानं.
पोरं ओरडतायत, म्हणाला. पाणी.
मग जरा वेळानं,
आणि तेही.

घमेलं धर, म्हणाला, जड आहे.