सदतीस छर्रे

माणसाला चाळिशी लागते.
गाडीला लागली
की सरकारच डोळे मिटून घेतं:
चाळीस वर्षांवरच्या गाड्यांना वार्षिक तपासणी माफ.
म्हणजे यंदापासून हिला कुणी काही विचारणार नाही.

तरी मार्च लागला तसं मी शेडचं दार ओढलं.
ब्लायनायमध्ये दार ओढावंच लागतं,
लाकूड बाराही महिने फुगलेलं.
मागे पाटीच्या दगडाचा ढिगारा, डोंगराएवढा,
खाणीनं नको म्हणून टाकलेला.

गेल्या वर्षी गेथिननं कागदावर लिहिलं होतं,
नापास नव्हे, नुसता सल्ला:
हँडलच्या बेअरिंगला मधोमध खाच.
तो कागद वर्षभर
बिस्किटांच्या डब्याखाली राहिला.

आता जॅकवर पुढचं चाक अधांतरी.
हँडल डावीकडे फिरवलं, लोण्यासारखं.
उजवीकडेही तसंच.
आणि मध्ये येताच
टक्.
वळणांनी ही खाच पडत नाही.
सरळ जाताना छर्रे एकाच जागी बसून राहतात
आणि रस्त्याचा प्रत्येक दणका तिथंच सोसतात.
एकोणतीस वर्षं मी शाळेची बस चालवली,
त्याच थांब्यांवर, त्याच मिनिटाला.
मला हे कुणी समजावायला नको होतं.

नट सैल केला आणि सगळे एकदम सांडले,
बशीत थोडे, बाकीचे फरशीवर.
वरचे अठरा, खालचे एकोणीस.
मोजले. छत्तीस.
पुन्हा मोजले. छत्तीस.
नव्या छर्‍यांची पुडी समोरच पडलेली,
तरी मी पोटावर झोपून टॉर्च घेऊन
फ्रीझरखाली पाहत राहिले.
एक मेलेली माशी, एक पेन्सिल,
आणि कुणाची तरी साखरपुड्याची पत्रिका.

मग बाकीची कामं.
पुढच्या दांडीच्या सीलमधून तेल पाझरतं,
तिथं जुन्या फिल्मची पट्टी सरकवून घाण काढायची.
हाताला बहिणीच्या लग्नाची पट्टी लागली,
काळ्या झग्यातली नवरी, पांढर्‍या सुटातला नवरा.
ते लग्न तसंही टिकलं नव्हतं.
सील मात्र कोरडं झालं.
सायलेन्सरच्या भोकावर बिअरच्या डब्याचा पत्रा,
वरून लांबी.
ब्रेकचा दिवा लागतो, पण मनात आलं तर.

उताराच्या रस्त्यानं गॅरेजकडे निघाले
तेव्हा हँडल थोडं भरकटायचं.
मधोमध धरून ठेवणारं आता काही नव्हतं;
प्रत्येक क्षणी सरळ
मलाच जावं लागत होतं.

गेथिन. मागच्या बाकावरचा,
वळणावळणाला ओकणारा,
आता त्याच्याच दाढीत पांढरं.
"मेरेरिड, यंदापासून सक्ती नाही हो."
"ठाऊक आहे. तू बघ."
त्यानं गुडघे टेकले. चाक हलवून पाहिलं,
टायरची नक्षी मापली,
हँडल या टोकापासून त्या टोकापर्यंत नेलं,
मध्यावर थांबला, कान देऊन,
आणि काहीच बोलला नाही.
त्याचं न बोलणं मी खिशात घातलं.

हॉर्न दाबला. नाही वाजला.
पान्याची मूठ हलकेच मारली
तसा बदकासारखा ओरडला,
रस्त्यापलीकडचा कुत्रा उठून उभा राहिला.
"चालेल," गेथिन म्हणाला.

कागद निघाला, अजून गरम.
वर माझं काहीच नाही,
गाडीचा नंबर, किती मैल झाले,
आणि खाली: वैध, पुढच्या मार्चपर्यंत.
सत्तरीकडे झुकल्यावर
पुढच्या मार्चचं असं ठाम छापून देणारं
माझ्या ओळखीत दुसरं कुणी नाही.

सदतिसावा सापडला नाही.
रात्री शेडला कुलूप लावायला गेलं
आणि नेमका फ्रीझर सुरू होऊन थरथरला
की खाली काहीतरी घरंगळतं,
थोडंसं,
आणि थांबतं.