घणसोलीची हळद

हर्षालीच्या हळदीला मटणाचे सात टोप
आणि माझ्या डब्यात बारा अंड्यांचं नुसतं पांढरं.
बलक मोत्याने खाल्ले, त्याचं पोट सुटलंय.
रविवारी वाशीला स्पर्धा.
बुधवारपासून मीठ बंद, उद्यापासून पाणीही मोजून.

खाली आई तांदळाच्या भाकऱ्या थापतेय,
वास जिना चढून गच्चीवर येतो.
मी कोपरांवर, फळीसारखा आडवा,
एकशे अठ्ठावीस, एकशे एकोणतीस,
तेवढ्यात बँजोवाल्याने मोजणी चुकवली.

उतरलो तर माम्यांनी घेरलं.
"दादूस, शर्ट काढ, बघू तुझी पावाची लादी!"
हर्षालीने ओंजळभर हळद पोटावर फासली.
गुदगुल्या झाल्या.
सहाही पाव हलले.

रात्री साबण, मग लिंबू, मग बेसन.
उंचवट्यांवरची गेली,
खाचांतली बसून राहिली.

शनिवारी ती दिव्याला सासरी गेली.
रविवारी तपकिरी रंगाखालून, दिव्यांच्या झोतात,
पिवळ्या रेघा उगवल्या.
एक पंच चष्मा काढून बघत राहिला.
पाचवा आलो.

आईने वाटीभर रस्सा राखून ठेवला होता.
पहिल्या घासाला जीभ मिठाने चरचरली.
तेवढ्यात तिचा फोन:
"निघाली का रे हळद?"
नाही म्हटलं,
आणि भाकरी घेतली.