पंचवीसशे

जतच्या पुढं, जिथं मराठी
अर्ध्या वाक्यात कानडीला टेकते,
त्या उपकेंद्रात मी रजिस्टर तपासायला गेलो.
लाल कापडाची बांधणी, पानांना डेटॉलचा वास.
जन्मवजनाचा रकाना वरून खाली वाचत गेलो :
२५००. २५००. २६००. २५००.
तीन वर्षांत एकशे बारा बाळं
आणि एकही चोवीसशे नव्वदचं नाही.

एवढं शिस्तीचं गाव मी पाहिलं नव्हतं.

बिराजदार सिस्टरांनी चहा मागवला.
म्हणाल्या, 'पंचवीसशेच्या खाली लिहिलं
की तालुक्याहून फोन. का कमी, कसं कमी,
गोळ्या दिल्या होत्या का, सही कुठाय.
आणि सासू दारातच उभी असते,
ती सुनेला काय बोलणार ते वेगळंच.
शंभर-दीडशे ग्रॅमनं कुणाचं काय बिघडतं?'

मी उत्तर दिलं नाही.
मला नदाफ सर आठवले.
तासगावची शाळा, नववी, गणित.
पेपरात एकतीस होते. मी मोजले होते,
प्रत्येक प्रश्नाच्या कडेचे तांबडे आकडे,
दोनदा.
पहिल्या पानावर मात्र गोलात पस्तीस.
वडील तेव्हा मिरजेला वॉर्डात होते.
सरांना ते ठाऊक असणार.
त्या चार मार्कांवरून चालत
मी संख्याशास्त्राची पदवी घेतली, नोकरी घेतली,
आणि आता दुसऱ्यांच्या आकड्यांभोवती
पेन्सिलीनं गोल करत हिंडतो.

काटा कोपऱ्यात होता, ताटलीचा.
रिकामाच, तरी सुई ऐंशीवर.
पिशवीतलं एक किलोचं माप ठेवलं,
वजनमापे खात्याचा शिक्का असलेलं.
सुई हजार ऐंशीवर जाऊन थरथरली.
'म्हणजे आम्हीही वाढवत होतो
आणि हाही,' सिस्टर म्हणाल्या, हसल्या,
मग हसायच्या थांबल्या.
बोट रकान्यावरून खाली सरकत
एका ओळीशी थांबलं.
श्रावणातली नोंद. आईचं नाव शिवव्वा.
कडेला बाराव्या दिवसाची तारीख
आणि एक शब्द, जो सगळेच
बारीक अक्षरात लिहितात.
'हातात घेतलं तेव्हाच हलकं लागलं होतं हो.
माझ्या हाताला कळलं होतं.'

हाताला कळतं. खरंच कळतं.
पण हाताला सुनेची कीव येते,
फोनची भीती वाटते,
रात्रपाळीनंतर हात स्वतःच जड झालेला असतो,
आणि कधी तो
आजारी बापाच्या पोराला चार मार्क देतो.
काट्याला यातलं काही येत नाही.
एवढंच त्याचं शहाणपण, आणि तेही
रोज सकाळी कुणी त्याला शून्यावर आणलं तर.

मागचा स्क्रू पिळून मी सुई मागं आणली.

दुपारी एक बाई बाळंत झाली.
दुपट्यासकट नाही, नुसतं बाळ ठेवलं.
ते पाय झाडत होतं,
सुई स्थिर होईपर्यंत कुणी बोललं नाही.
एक हजार सातशे चाळीस.
'एष्टु?' आईनं कॉटवरून विचारलं.
सिस्टरांनी खरं सांगितलं, कानडीत,
आणि पेन टेकवलं.
सातशेपर्यंत भराभर,
चाळीसातल्या चारावर हात जरा अडला.
मग एकशे आठला फोन,
बाळ आईच्या उघड्या छातीला,
वरून सिस्टरांची स्वतःची शाल.
गाडी मिरजेकडं गेली, धूळ बराच वेळ राहिली.

निघताना त्यांनी विचारलं,
'मागचे खोडून नीट करू का?'
'कशावरून करणार नीट?' मी म्हणालो.
'राहू देत. खोडू नका.'

एसटीत कवठेमहांकाळपर्यंत जागा मिळाली नाही.
दांडीला धरून, उभ्यानं,
मी पुन्हा बेरीज केली.
पाच, सात, शून्य,
चार, सहा, नऊ.
एकतीसच.