बारा पस्तीस

पंधरा मेला दुपारी बारा पस्तीसला
आमच्या कन्नमवार नगरात कुणालाच सावली नसते.
हे मी ऐकून होते. एकतीस वर्षं पालिकेच्या शाळेत
प्रयोगशाळेतली बाई होते मी,
परीक्षानळ्या विसळणारी, लिटमस कापून देणारी,
आणि मागच्या दाराशी उभी राहून
सगळा धडा ऐकणारी.

यंदा म्हटलं, स्वतः बघू.
स्टीलचा पेला घेऊन गच्चीवर गेले.
पठारेबाईंच्या कुरडया आधीच पसरलेल्या,
धोतराच्या चार टोकांवर विटांचे चार तुकडे.
कडेला कालचा पेपर अंथरला, त्यावर पेला उपडा ठेवला.
सुलटा ठेवला तर त्याचं रुंद तोंड सावली टाकतंच.
रुंद तोंडाचं तसंच असतं.

चौथ्या मजल्यावरचा शर्विल फोन घेऊन आला.
सूर्य डोक्यावर, मग बारा का नाही वाजत, आजी?
म्हटलं, आपलं घड्याळ मिर्झापूरच्या रेषेवर लावलंय रे.
तिथल्यापेक्षा आपला सूर्य एकोणचाळीस मिनिटं मागून येतो.
त्यातली चार, मे महिन्यात जरा घाई करून, तोच भरून काढतो.

माझे सासरे गोदीत टॅली क्लार्क.
पंचावन्न साली शहरानं आपली जुनी वेळ सोडली,
यांनी मनगटावरची सोडली नाही.
कामावर जाताना मनात बेरीज, घरी येताना वजाबाकी.
आम्ही जेवून, भांडी घासून, पाट उचलले
की हे हात धुवायला उठत: चला, बारा वाजले.
नवी नवरी होते, पदराआड हसायचे.
आज गच्चीवर हिशेब केला,
त्यांच्या घड्याळात आत्ता बाराला चार कमी.
सूर्याशी त्यांचंच जास्त जुळत होतं.

पेल्याखालच्या पानावर नकाशा होता,
त्यावर बाण, लाल ठिणग्या, दोन देशांची नावं.
आकड्यांत माणसं.
ते गाव कर्कवृत्ताच्या बरंच वर आहे.
तिथे सूर्य कधीच माथ्यावर येत नाही,
ऐन दुपारीसुद्धा माणसाची सावली
सुटत नाही माणसाला.
हे भूगोलाचं वाक्य आहे.
मी ते तसंच ठेवते.

टाकी बघायला वॉचमन मोतीलाल वर आला.
आजमगढचा. त्याच्याही गावी हे होत नाही.
पायांकडे बघत राहिला बराच वेळ,
मग आजूबाजूला पाहून, कुणी हसत नाही ना याची खात्री करून,
त्यानं जागच्या जागी एक उडी मारली.
तो हवेत असताना मला दिसली:
चपलांच्या खाली, गरम गच्चीवर,
तव्यावरच्या भाकरीएवढी काळी सावली.
तो खाली आला आणि तिच्यावरच उभा राहिला.
शर्विल म्हणाला, काका परत, रेकॉर्ड नाही झालं.

खाली फाटकावर नोटीस आहे, पुनर्विकासाची.
तिसऱ्यांदा लागलीय, या वेळी शिक्क्यासकट.
समोरच्या तीन इमारती तर पाडल्याच,
तिथे चाळीस मजले येणार म्हणतात.
मग आमच्या खिडकीत सकाळ किती वाजता येईल,
कुरडया कुठे वाळतील,
हे मी सभेत विचारलं होतं.
बिल्डरचा माणूस गोड हसला, वहीत काहीच लिहिलं नाही.

पण वर्षात दोन दिवस, एखादं मिनिट,
त्या चाळीस मजल्यांनाही
कुणावर सावली टाकता येणार नाही.
दुसरा दिवस जुलैअखेरचा, तेव्हा ढग असतात,
तो मी धरतच नाही.

बारा अडतीसला पेल्याच्या पूर्वेला,
खाडीच्या बाजूला,
नखाच्या कडेएवढी रेघ उमटली.
आली, शर्विल ओरडला,
जणू पाहुणी आली.
मोतीलाल टाकीचं झाकण लावून जिना उतरला.
मी पेला उचलला. हाताला चटका बसला, तो पदरात धरला,
आणि जिन्यातून पठारेबाईंना हाक मारली:
कुरडया पलटा हो,
एक बाजू झाली.