खापर

तळघरात कल्लिरोई खापरं धुते.
मऊ टूथब्रश, कोमट पाणी,
आणि पंचवीसशे वर्षांचा चिखल, जो हाताला
काल रात्रीच्या भांड्यांसारखाच लागतो.

एका विहिरीतून निघालीत एकशे एकवीस.
सगळ्यांवर एकच नाव.
आरोप नाही, पुरावा नाही, खटला तर नाहीच.
सहा हजार खापरं भरली की माणूस दहा वर्षं हद्दपार.
घर, शेत, ऑलिव्हची झाडं मात्र त्याचीच राहायची;
तेवढी लाज त्यांनी राखली होती.

कुणाच्या डोक्यावर खापर फोडायचं
तर आधी कुठेतरी मडकं फुटावं लागतं.
अथेन्समध्ये मडकी रोज फुटत.

नवव्या दिवशी तिला एक हात ओळखू आला.
तिरका एप्सिलॉन, शेवटची रेघ घाईत सुटलेली,
साठ खापरांवर तोच.
कुणीतरी सावलीत बसून आधीच कोरून ठेवली होती,
सकाळी बाजाराच्या तोंडाशी वाटायला.
घ्या, तुम्हाला कशाला त्रास.

शनिवारी रात्री स्वयंपाकघरातल्या टेबलावर
स्ट्रातिस मतपत्रिकांचे गठ्ठे लावतो.
एकाच नावापुढे निळ्या पेनानं फुली,
पुन्हा फुली.
दोन वर्षं काम नव्हतं. आता दिवसाचे चाळीस युरो.
"सगळेच पक्ष करतात, आई."
उभी रेघ खाली किंचित डावीकडे वळते.
पहिलीच्या बेरजेच्या वहीत
तिनं ती कितीदा सरळ करून दिली होती.
कॉफी उतू जाते.

रविवारी शाळेच्या फाटकाशी
अनोळखी बाईला द्यावी तशी त्यानं तिलाही एक दिली.
तिनं घेतली.
पडद्याआड पेन दोरीला बांधलेलं होतं.

सोमवारी रेडिओ कोण जिंकलं ते सांगतो.
ट्रेच्या तळाशी शेवटचं खापर.
नाव चुकलेलं, खोडलेलं, पुन्हा चुकलेलं,
दाब इतका की कडेचा टवका उडालाय.
याला कुणी लिहून दिलं नव्हतं.
किंवा दिलं असेल, यानं घेतलं नसेल.
बरोबर माणसाला घालवलं की चुकीच्या,
हे खापरावर लिहिलेलं नाही.

ती नोंदवहीत लिहिते: क्रमांक एकशे एकवीस.
हस्ताक्षर: स्वतःचं.
मग खोडते. रकान्यात तसा पर्याय नाही.
लिहिते: इतर.