ऐनवेळचे विषय

कोरम भरला नाही म्हणून
सभा अर्ध्या तासासाठी तहकूब झाली
आणि तिथंच परत भरली.
तहकूब सभेला कोरम लागत नाही.
हे कायद्यात आहे.

शाळेचा व्हरांडा, सतरंजीवर लिंबोळ्या,
रजिस्टर माझ्या मांडीवर,
पेन सचिवांचं, टोपण हरवलेलं.
घरकुल झालं, नाली झाली,
मग अध्यक्षांच्या परवानगीनं येणारे विषय.

कवडू नेवारे उठला. डीजे बंद करा.
माह्या म्हशीनं दोन दिस दूध चोरलं,
नवरदेवाचं काय गेलं?
सचिव म्हणाले, परवानगी असते. दहापर्यंत चालतं.
म्हशीले घड्याळ समजते का, साहेब?

मग सभेला तोंड फुटलं.
सुट्ट्या पैशांच्या बदल्यात गोळी देणं बंद करा
(झोलबाकडे डबाभर साचल्यात,
दुकानदार त्या परत घेत नाही).
एसटीच्या खिडकीतून दुपट्टा टाकून जागा धरणं.
मयतीच्या घरी बसून वावराचे भाव विचारणं.
पोरगी पाहायला यायचं, पोहे खायचे,
वरून चिवडा बांधून न्यायचा
आणि महिनाभर फोन उचलायचा नाही.
हे दौलत झाडे बोलला,
बोलून झाल्यावर सतरंजीचा दोरा उसवत राहिला.

प्रत्येकाला सचिवांचं एकच उत्तर.
हा गुन्हा नाही. यात बेकायदेशीर काही नाही.
तेव्हा सगळे असे गप्प झाले
की कायद्याच्या आत राहूनही
माणसाला इतकं लागतं
हे जसं त्यांना आजच कळलं.

माझाही एक विषय होता.
लिहिणारीचा विषय घेत नाहीत.

सगळ्यात मागं, भिंतीला पाठ लावून, पंचफुलाबाई थमके.
एक शब्द बंद करा, म्हणाली.
कोणता, आजी?
"आता काहून."

चपला मागतल्या, तं आता काहून.
चष्म्याची दांडी तुटली, आता काहून.
धनी गेले तवा नाकातली फुली काढली होती,
परवा डब्यात सापडली. घालून पाह्यली.
सून काही बोलली नाही.
नात बोलली. सहा वर्साची हाये.

कोणी हसलं, आणि मग हसणं मधेच थांबलं.
आजी, शब्दावर बंदी नसते, सचिव म्हणाले.
मंग माह्यावर काहून हाये?

सरपंचबाईंना चहाची घाई होती.
लिही काहीतरी, म्हणाल्या.
मी लिहिलं. ठराव क्रमांक नऊ.
मौजा टेंभुरडोहच्या हद्दीत
साठीपुढच्या माणसाला "आता काहून" म्हणू नये.
सूचक, पंचफुला थमके.
अनुमोदनाला हात कोणाचाच आला नाही.
झोलबानं डोकं खाजवलं,
मी त्याचं नाव लिहिलं.
सर्वानुमते मंजूर, हे तर सवयीनंच पडतं हातून.

तालुक्याहून फोन आला.
हा ठराव कोणत्या कलमाखाली?
हॅलो, हॅलो, मी म्हटलं, रेंज नाही.

नक्कल घ्यायला ती स्वतः आली.
वीस रुपये, दहाच्या दोन नोटा.
मी गोल शिक्का जरा जोरातच मारला.
तिला वाचता येत नाही.
शिक्क्यावर बोट फिरवून पाहिलं,
कागदाची चौघडी केली, चंचीत सुपारीखाली ठेवली.

बुधवारी वणीच्या गाडीत चढली.
कंडक्टर ओळखीचा.
डोळे दाखवायले का, आजी?
नाही.
लेकीकडं?
नाही. बजार पाहाले. घेनं काही नाही.
अवं, एवढ्या उन्हात, आता काहून...

तिनं चंची सोडली.
त्यानं कागद वाचला, दांड्याला एक हात धरून,
खालच्या शिक्क्यापर्यंत सगळा.
गाडी नाल्यात उतरली, वर चढली.
अर्धं देऊ? त्यानं विचारलं.
दे. खिडकीपाशी.

खिडकीच्या जागेवर दुपट्टा होता.
तिनं तो उचलला, झटकला,
सावकाश घडी घातली
आणि माझ्या हातात दिला.

माझाच होता.